अर्ध्या कामाचा वारसा

माणूस आतून खचला की सगळ्यात आधी त्याचं गाणं सुटतं. जेवणखाण चालू असतं, कामधंदा चालू असतो, चारचौघांत हसणंबोलणंही होतं. गाणं मात्र थांबतं. मिरजेच्या आमच्या मंडळीत हे मी कितीदा पाहिलं आहे. रविवारची उपासना चाललेली असते, गीतांचं पुस्तक हातात उघडं असतं, पेटीवाल्याने सूर धरलेला असतो, शेजारचा माणूस मोकळ्या गळ्याने गात असतो, आणि हा ओठ मिटून पानाकडे बघत उभा. कोणी त्याला काही विचारत नाही. फार तर बाहेर पडताना पाळकसाहेब त्याचा हात नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ हातात धरतात. माझ्याही वाट्याला असा एक काळ आला, आणि तो बराच लांबला. त्या काळात साताऱ्याने, सांगली-मिरजेने आणि माझ्या प्रभूने मला जे दिलं ते सांगितलं पाहिजे असं आता वाटतं. कदाचित आजही कुठे कोणी पुस्तक उघडं धरून गप्प उभं असेल.

मी मिरजेची. पप्पा मिशन हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर होते. दिवेलागणीनंतर कंपाउंडातल्या घराघरांतून कौटुंबिक प्रार्थनेचे आवाज यायचे. एका घरचं ‘आमेन’ झालेलं असायचं तेव्हा पलीकडच्या घरचं गीत अर्ध्यावर असायचं. आमच्याकडे पेटी पप्पांची आणि गीतं बहुतेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळकांची शंभराहून जास्त भक्तिगीतं महाराष्ट्रातल्या मंडळ्या आजही गातात, पेटी-तबल्याच्या साथीने, ओळखीच्या देशी चालींवर. मिरज हे सतार-तंबोरे घडवणारं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, त्यामुळे बेसूर गाणं आमच्या कंपाउंडातही खपत नसे. या गीतांमुळे येशू मला कधी परका, दूरदेशीचा वाटलाच नाही. तो कृष्णाकाठच्या भाषेत बोलायचा, दमल्याभागल्याच्या ओसरीवर टेकायचा. लहानपणी तर टिळक हे आमच्याच मंडळीतले कोणी वडीलधारे असावेत असा माझा समज होता.

पप्पांची एकच इच्छा होती: पोरगी शिक्षिका व्हावी आणि कायम व्हावी. मी शिक्षिका झाले. एका विनाअनुदानित शाळेत लागले. अशा शाळांतली नोकरी ज्याने केली आहे त्याला जास्त सांगायला नको. ‘मान्यता येऊ दे, अनुदानाचा टप्पा लागू दे, मागचं सगळं निघेल,’ हे दर जूनला ऐकायचं आणि पुन्हा खडू हातात घ्यायचा. पोरं गोड होती. गणितात रडणारी पोरगी वर्षाअखेरीस आपण होऊन फळ्याकडे धावायची, आणि त्या दिवशी पगाराची आठवण व्हायची नाही. वर्षं अशीच गेली. आणि ज्या वर्षी टप्पा जवळ आला त्याच वर्षी पटसंख्या घसरली, तुकडी तुटली, माझी जागा गेली. कोणी शिवीगाळ केली नाही, कोणी दार आपटलं नाही. मस्टरवर माझ्या नावाची ओळच राहिली नाही, एवढंच. पप्पा त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेले होते. आपली मुलगी कायम झाली नाही हे त्यांना बघावं लागलं नाही, एवढाच दिलासा, आणि तोच चटका.

लोक भेटायला आले. मायेनेच आले. ‘देवाने एक दार बंद केलं तर दुसरं उघडतो,’ ‘यातही त्याची योजना असेल,’ असं म्हणाले. ही वाक्यं खोटी आहेत असं मी म्हणत नाही, पण ती फार लवकर बोलली जातात. जखम ताजी असताना तिचा अर्थ सांगायला बसू नये. पवित्र शास्त्र तरी असं करत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ठायीठायी आहेत. भक्त देवाला उघड विचारतात की तू आम्हाला विसरलास का, अजून किती दिवस तोंड फिरवून बसणार आहेस. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते तोवर ते खरे मित्र होते. ते दुःखाची कारणं समजावू लागले आणि सगळं बिघडलं. लाजरसाच्या कबरेपाशी येशूला पुढे काय घडणार हे ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. क्रूसावर त्याने अशाच एका विलापाच्या स्तोत्राचे शब्द तोंडी घेतले. ज्या विश्वासात देवाचा पुत्रच हंबरडा फोडतो, त्या विश्वासात माझ्यासारखीने डोळे पुसून घाईघाईने हसरं तोंड करण्याची गरज नाही, हे मला तेव्हा कळलं. माझी पहिली सुटका या कळण्यात होती.

आत्या साताऱ्याला असते. ‘चार दिवस इकडे ये गं, हवापालट होईल,’ म्हणाली, म्हणून गेले. एसटी कऱ्हाड सोडून पुढे निघाली की उसाचा हिरवा पट्टा हळूहळू सरतो, डोंगर जवळ येऊ लागतात आणि अजिंक्यतारा दिसला की सातारा आलं. आत्याच्या घरी दुपारी काम नसायचं. तिने कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून हातात दिली आणि म्हणाली, ‘टिळकांची शेवटची धडपड आपल्या या साताऱ्यात झाली, माहीत आहे ना?’ शाळेत त्यातला उतारा वाचला होता, कवितांपुरते टिळक ठाऊक होते. साताऱ्यातले टिळक मला ठाऊक नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 मध्ये जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा व्यासंगी, कवी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. घर तुटतं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहतात. पुढे त्या परत येतात, स्वतःच्या मनाने जातीचा विटाळ टाकून देतात आणि 1900 मध्ये त्याही बाप्तिस्मा घेतात. अहमदनगरला त्यांचा संसार पुन्हा उभा राहतो. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहून जातात. टिळक ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी बाजूचं संपादन करतात. इतकी वर्षं मिशनची चाकरी, नाव, मान, हे सगळं असताना 1917 मध्ये पंचावन्न-छप्पन वर्षांचा हा माणूस मिशनचं वेतन सोडतो, संन्यस्त वृत्ती पत्करतो आणि साताऱ्याला येतो. कशासाठी? तर ‘देवाचा दरबार’ उभा करण्यासाठी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूला गुरू मानणारे सगळे जिथे एका कुटुंबासारखे राहतील, परक्या पैशावर आणि परक्या रीतीवर अवलंबून नसतील, असं एक घर त्यांना हवं होतं. ख्रिस्ताचं राज्य या मातीत या मातीच्याच रीतीने रुजावं, ही त्यांची आयुष्यभराची ओढ होती.

या दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. आणि वर्षं तरी कसली! पहिलं महायुद्ध चाललेलं. 1918 च्या मे महिन्यात बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले; वय अवघं सत्तावीस. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी ते मुंबईला गेले आणि 9 मे 1919 रोजी तिथेच वारले. दरबार उठला. माणसं आपापल्या वाटेने गेली. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं महाकाव्य त्यांनी ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं, तेही थोड्या अध्यायांवर थांबलं.

आत्याच्या गच्चीवर बसून मी हे वाचत होते. समोर यवतेश्वराच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. मनात आलं, एवढा मोठा भक्त, एवढा मोठा कवी, एवढं निर्मळ स्वप्न. आणि देवाने त्याला दोन वर्षंही धड दिली नाहीत. माझी एक नोकरी गेली म्हणून मी देवाशी अबोला धरला होता. इथे देवाच्याच कामासाठी घर सोडलेल्या माणसाचं देवाचंच काम अर्ध्यावर राहिलं. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवशी मला एकटं वाटलं नाही.

गोष्ट 1919 ला संपत नाही, हे पुस्तकाची पुढची पानं उलटताना लक्षात येत गेलं. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख टिळकांनी करून दिलेली. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नवरा गेला, हातात पैसा नाही, पोरंबाळं पदरात. मुंबईत वसतिगृहात काम केलं, पुढे मुलाबरोबर कराचीला राहिल्या. आणि या सगळ्या ओढाताणीत त्यांनी नवऱ्याचं थांबलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे लिहायला घेतलं. सुरुवातीचे मोजके अध्याय टिळकांचे; पुढचे साठाहून जास्त अध्याय या बाईचे. आठवणी लिहायला बसल्या तर त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं. 1934 पासून ते भागाभागाने छापलं गेलं आणि 1936 मध्ये लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. मराठी गद्यातल्या सर्वांत निर्मळ पुस्तकांत ते आज गणलं जातं, आणि ख्रिस्ती नसलेल्या कितीतरी घरांत ते प्रेमाने वाचलं गेलं आहे. टिळकांना जो दरबार हवा होता, जिथे बाप्तिस्म्याची रेघ न ओढता सगळे एकत्र बसतील, तो मला या पुस्तकाच्या वाचकांत भरलेला दिसला. साताऱ्यात तो विटा-मातीत उभा राहिला नाही. त्यांच्या बायकोच्या शब्दांत उभा राहिला. टिळकांना हे बघायला मिळालं नाही.

त्याच 1919 साली, टिळक गेल्यावर पाच महिन्यांनी, याच सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे सर्व जातींची मुलं साताऱ्यात एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण एकाच मातीत, एकाच वर्षी एक पंगत उठते आणि दुसरी बसते, हे पाहिलं की देवाच्या शेतातलं काम एका माणसाबरोबर संपत नाही एवढं नक्की पटतं.

साताऱ्याहून परतल्यावर मिरज मला वेगळं दिसायला लागलं. ज्या दवाखान्याच्या सावलीत मी वाढले त्याचा इतिहास मला पाठ होता, पण पाठ असणं आणि पोचणं यात अंतर आहे. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. आधी सांगलीत छोटासा दवाखाना चालवला, मग मिरजेला आला आणि 1894 मध्ये इथे रुग्णालय उघडलं. 1906 मध्ये त्याची पत्नी मेरी पटकीने गेली. ज्या गावाला बरं करायला दोघं आली, त्याच गावाच्या साथीत ती गेली. वानलेस गाव सोडून गेला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. तो राहिला. 1928 पर्यंत राहिला. डॉक्टर आणि परिचारिका घडवल्या, कुष्ठरुग्णांसाठी वेगळी सोय उभी केली, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधलं. त्या वस्तीला आज आपण वानलेसवाडी म्हणतो.

या क्षयाच्या दवाखान्याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसीन सापडलं 1943 मध्ये, वानलेस वारल्यावर दहा वर्षांनी. म्हणजे त्याने दवाखाना बांधला तेव्हा रोग्याला देण्यासारखं काय होतं? मोकळी हवा, दूध-अंडी, स्वच्छ अंथरूण, आणि जवळ बसणारं माणूस. बरेच बरे होणार नाहीत हे ठाऊक असताना खाटा मांडल्या. माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, एवढंच त्या वेळी हातात होतं आणि तेवढं केलं. पुढे पप्पा औषधांच्या खिडकीवर उभे राहिले तेव्हा क्षयाच्या गोळ्या आलेल्या होत्या. ते कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून देताना प्रत्येकाला सांगायचे, ‘बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत बरं का. कोर्स पुरा करायचा.’ वानलेसने औषध नसताना मांडलेल्या खाटेचं उरलेलं काम पप्पांच्या त्या पुडीत होतं. पप्पांनी हे असं कधी म्हटलं नाही. आज मिशनच्या दवाखान्यात पूर्वीची ती वर्दळ राहिली नाही, पडते दिवस त्यानेही पाहिले. मिरजेतल्या जुन्या माणसांना त्याचं दुःख आहे, मलाही आहे. पण तिथे शिकलेल्या परिचारिका गावोगावी पसरल्या, त्यांच्या हाताखाली दुसऱ्या तयार झाल्या. एखादी इमारत पडेल, घडवलेले हात चालूच राहतात.

आता द्राक्षाबद्दल सांगते, कारण येशूनेच ते उदाहरण घेतलं आहे आणि सांगलीकराला ते दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नाही. तासगावकडे मैत्रिणीची बाग आहे. एप्रिलमध्ये, ऐन उन्हाच्या तावात, तिथे खरड छाटणी चाललेली मी पाहिली. आदल्याच महिन्यात जिथे घड लोंबत होते तिथे माणसं कात्र्या घेऊन शिरली होती आणि ओलांड्यावरच्या सगळ्या काड्या एक-दोन डोळे राखून छाटून टाकत होती. संध्याकाळपर्यंत मांडवाखाली सावली म्हणून उरली नाही. नवख्याला वाटावं, बाग मोडली. मैत्रीण म्हणाली, ‘ही छाटणी फळासाठी नसते गं. ही काडीसाठी. ऑक्टोबरची फळासाठी.’ मग तिने मला सांगितलं की एप्रिल छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात, आणि त्या काडीवरच्या डोळ्यात थोड्याच आठवड्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने तयार होतो. डोळ्यांना काही दिसत नाही. वर नुसता पाला, खाली रखरखीत माती. पुढच्या फेब्रुवारीत किती घड लागणार, याचा बराचसा निकाल तेव्हाच लागलेला असतो. योहानाच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, येशू आपल्या पित्याला माळी म्हणतो, आणि हा माळी फळ देणाऱ्या फांदीलाच छाटतो. ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. तासगावच्या त्या मांडवाखाली पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की छाटणीनंतरचा बिनफळाचा काळ हाच घड धरण्याचा काळ असतो.

पण हे उदाहरण इथेच सोडलं तर ते खोटं ठरेल. मैत्रिणीच्या बागेत एका वर्षी घड भरत आले आणि अवकाळी आला. दावण्या रोग पसरला, मण्यांना तडे गेले, घडकूज झाली. दोन छाटण्या, औषधांची फवारणी, सोसायटीचं कर्ज, सगळं एका आठवड्यात मातीत. तिथे मी तिला डोळ्यातल्या घडाची गोष्ट सांगितली नाही. आम्ही दोघी बांधावर बसलो. हबक्कूक नावाचा एक संदेष्टा आहे, जुन्या करारातलं त्याचं पुस्तक तीनच अध्यायांचं. त्याच्या शेवटी तो एकेक नुकसान मोजत जातो: अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आणि एवढं मोजून झाल्यावर तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पुढच्या वर्षी पीक येईल म्हणून नव्हे. त्याने तसं काही कबूल करून घेतलेलं नाही. माझ्या मते ख्रिस्ती आशेची ही खरी कसोटी आहे. चांगले दिवस परत येतील हा अंदाज झाला, तो कधी बरोबर येतो, कधी चुकतो. आशा त्याहून खोल असते. वेलीला काहीही नसताना माळी आपल्याला सोडून गेलेला नाही, या भरवशाला आशा म्हणायचं. कृष्णाकाठच्या लोकांना हे शिकवायला नको. 2019 आणि 2021 च्या पुरांत ‘आयर्विन पुलाला किती फूट?’ एवढाच प्रश्न एकमेकांना विचारत ज्यांनी रात्री काढल्या आणि पाणी उतरल्यावर फावडं घेऊन घरातला चिखल ओढला, त्यांनी अशा भरवशावरच पुन्हा चूल मांडली.

नोकरी गेल्यानंतरच्या त्या दिवसांत पवित्र शास्त्रातली एक गोष्ट मी सारखी उघडत होते. लूकच्या शेवटच्या अध्यायातली अम्माऊसच्या वाटेची. येशूला क्रूसावर दिलं आहे, दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले आहेत. ज्याच्यावर आशा ठेवली तोच गेला, आता तिथे राहून काय करायचं? वाटेत एक अनोळखी प्रवासी सोबतीला येतो. तो म्हणजे उठलेला येशूच, पण त्यांना ओळख पटत नाही. मला यातलं एक फार मोलाचं वाटतं. तो त्यांना अडवत नाही, मागे फिरा म्हणत नाही. ते ज्या उलट्या दिशेने निघाले आहेत त्याच दिशेने तो त्यांच्याबरोबर चालतो. आधी विचारतो, काय बोलत चालला आहात? त्यांना त्यांची सगळी निराशा तोंडाने सांगू देतो. समजावणं नंतर. ओळख त्याहून नंतर, संध्याकाळी, घरी, ताटावर भाकर मोडताना. आणि ओळख पटल्यावर ते दोघं त्याच रात्री उठून, अंधारात, सोडून आलेल्या गावी परत जातात. दुःख संपलं म्हणून नव्हे. तिथे काम आहे हे कळलं म्हणून.

मलाही काम असंच मिळालं, दुसऱ्याच्या वहीतून. आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त बाई गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या तळावर जाऊन संध्याकाळी पोरांना शिकवायच्या. त्या वारल्यावर त्यांच्या सुनेने एक वही माझ्याकडे आणून दिली. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेली दोनशेपानी वही. त्यात पोरांची नावं, गाव, आणि पुढे बाईंच्या बारीक अक्षरात नोंदी: कोणाला बाराखडी येते, कोणाला नुसती आकडेमोड, कोण मध्येच टोळीबरोबर दुसऱ्या कारखान्याला गेलं, कोणाच्या डोळ्याला दिसत नाही, चष्मा बघायचा. शेवटच्या नोंदीपुढे काही नव्हतं, नुसती कोरी पानं. सून म्हणाली, ‘टाकवत नाही हो. तुम्ही शिक्षिका, तुमच्याकडे असू द्या.’

त्या हंगामात मी तळावर गेले. पाचटाच्या कोप्या, चुलींचा धूर, बैलांपुढे टाकलेलं वाढं. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात ते अंधार पडल्यावर येतात. तोवर धाकट्याला कडेवर घेऊन थोरली घर राखते. अशीच एक आठ-नऊ वर्षांची पोर समोर येऊन बसली. भाऊ मांडीवर झोपलेला, हातांवर उसाच्या पानांचे बारीक ओरखडे. तिने पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाली, ‘आधीच्या बाईंनी एवढंच शिकवलं होतं. पुढचं राहिलंय.’ मी तिला आईचं नाव लिहायला शिकवलं. तिने ते कोपीत नेऊन आईला दाखवलं. आईने चुलीच्या उजेडात पाटी धरून बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पाटी तिने पुसू दिली नाही.

माझी नोकरी मला परत मिळाली नाही. आता शिकवण्या घेते, घर चालतं. पप्पांची मुलगी कायम झाली नाही, आणि ती सल आहे. ती जावी अशी प्रार्थनाही मी आता करत नाही. पण हंगाम सुरू झाला की वही घेऊन तळावर जाते. बाईंच्या अक्षराखाली माझं अक्षर आलं आहे. माझ्यानंतर कोणाचं येईल ते मला ठाऊक नाही. रविवारी मी गाते. गळा पूर्वीसारखा नाही, पण टिळकांच्या गीतात बेसूरही कोणी हाकलत नाही.

ज्यांची उमेद गेली आहे त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या निराशेचा अर्थ शोधत बसू नका, तो आज सापडणार नाही. रडायचं असेल तर देवासमोर मोकळेपणाने रडा, त्याला ते चालतं. आणि मग आजूबाजूला पाहा. तुमच्या गल्लीत, मंडळीत, वस्तीवर कोणीतरी मनापासून काही सुरू केलं होतं आणि ते अर्ध्यावर राहिलं आहे. टिळकांचं लक्ष्मीबाईंनी घेतलं, वानलेसचं पप्पांसारख्यांनी घेतलं. आपलं तुटलेलं देव कोणाच्या हाताने पुरं करील ते त्याचं तो बघेल. दुसऱ्याचं तुटलेलं पुरं करायला मात्र तो आपलेच हात मागतो. ते काम शोधा आणि हाती घ्या.